पोच देणारा उपग्रह

३ फेब्रुवारी १९९१, रविवार. पिंगळी

गेली तेरा वर्षं विद्यापीठाच्या नामांतराच्या सभांना सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माझ्या माणसांनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपण निवेदनं दिली, मोर्चे काढले, तुरुंगात जाऊन आलो, आणि पोच कुणी दिली नाही. तोंडावर ‘नाही’ म्हणण्याइतकीही किंमत कुणी दिली नाही. ठराव झालेला आहे, ठराव विचाराधीन आहे, ठरावाचं पाहू.

एवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं की ही वही आहे, सभा नाही. समोर सतरंजी नाही आणि पाण्याचा तांब्याही नाही. पण एकदा तोंडाला लागलेली चाल हाताला लागते.

माझ्या एकट्याची तक्रार आता लिहितो. एकोणनव्वद साली हैदराबादला जाऊन हौशी रेडिओची, म्हणजे घरच्या यंत्रावरून जगाशी बोलण्याची, परीक्षा दिली. मोर्स लिपी, सर्किटं, नियम. पास झालो. परवाना दिल्लीहून यायचा, पण त्याआधी पोलिसांनी माझं चारित्र्य लिहून पाठवायचं असतं. दोन वर्षं होत आली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं चारित्र्य लिहायला दोन वर्षं लागत असतील, तर त्यात विज्ञानापेक्षा दुसरंच काही जास्त असणार. ते काय, हे मला ठाऊक आहे.

हा नाद परभणीच्या दिनकररावांमुळे लागला. शेतकी विद्यापीठात यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आता निवृत्त आहेत. गच्चीवर अँटेना, खोलीत यंत्र, आणि भिंतीवर चौकटीत परवाना. रशियाचा एक उपग्रह आहे, हौशी रेडिओवाल्यांसाठी सोडलेला. त्याच्यात रोबो नावाचं एक यंत्र बसवलंय. खालून परवानाधारकानं मोर्समध्ये त्याला हाक मारायची आणि आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं नाव सांगायचं. रोबो ते नाव जसंच्या तसं परत उच्चारतो, एक क्रमांक देतो, आभार मानतो आणि पुढच्याकडे वळतो. गाव विचारत नाही. कोणाचे म्हणून विचारत नाही.

दिनकररावांना मिळालेला क्रमांक मी स्वतःच्या कानांनी ऐकला. त्या दिवसापासून मला माझा हवा आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका यंत्राकडून पोच मागतोय, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

मुंजाजी आला होता. साध्या वेषातला पोलीस. तेरा वर्षं माझ्या प्रत्येक सभेला शेवटच्या रांगेत बसून माझं भाषण लिहून घेतो. लोक उठून जातात, पाऊस येतो, लाइट जातात. मुंजाजी लिहीत असतो. इतका निष्ठावान श्रोता मला दुसरा मिळाला नाही.

खाटेवर बसला, पाणी प्याला, पिशवीतून कागद काढला.

“सर, तुमची ही रेडिओची चौकशी माझ्याकडंच आली. नशीब बघा.”

“मग लिही काय लिहायचं ते. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.”

“तेच तर अवघड हाय. लपवलं असतं तर म्या सापडलं न्हाई म्हणलं असतं. तुमचं समदं माझ्याच अक्षरात लिवलेलं हाय. बारा वह्या. तुमचं भाषण लिवून लिवून माझं अक्षर सुधारलं, साहेबबी म्हणतेत.”

पंचफुलानं, माझ्या बायकोनं, चहा आणला. तिला बघून तो सावरून बसला. मग मुद्द्यावर आला. कागदात एक रकाना आहे, ‘सध्या आंदोलनात सक्रिय आहे काय’. मुंजाजीचं म्हणणं असं, की दिवाळीपर्यंत त्याच्या वहीत माझं एकही भाषण आलं नाही, तर त्या रकान्यात तो ‘सध्या नाही’ असं लिहू शकतो. खोटं होणार नाही. तोवर कागद दाबून ठेवील. निवडणूक केव्हाही लागेल, रेडिओच्या कागदाची आठवण कुणाला येणार नाही.

“मी बोलायचं बंद करू म्हणतोस?”

“बंद नगा करू. माझी वही तेवढी कोरी ऱ्हाऊ द्या. दिवाळीपर्यंत. माझंबी मनगट दुखायलंय सर.”

जाताना त्यानं चहाबद्दल पंचफुलाचे आभार मानले.

१२ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. चळवळ एका माणसाच्या तोंडावर चालत नाही. नवी पोरं आहेत, चांगलं बोलतात. आणि मीच परवाना मिळवून दाखवला, तर तेही एक कामच आहे. आमच्या माणसाचं नाव आकाशात गेलं पाहिजे.

हे कारण मला पटलं. इतक्या लवकर पटलं की जरा चमत्कारिकच वाटलं. सकाळी उठलो तेव्हा खांदे हलके होते.

३ मार्च, रविवार

जिंतूर तालुक्यातून निरोप आला. चारठाण्याची मंडळी जयंतीला माझं भाषण ठेवताहेत. घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, असं कळवलं.

पंचफुला शेजारीच होती. ती परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर आहे, परगावचे फोन जोडून देते. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. दिवसभर कानाला हेडफोन लावून गावांना गावं जोडते.

“घशाला काय झालं?” म्हणाली. “घरात तर तासभर बोलायलात.”

“घरातलं बोलणं वेगळं.”

“तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ का?”

हा तिचा नेहमीचा टोमणा. मी बोलायला लागलो की ट्रंक कॉलसारखी तीन-तीन मिनिटं मोजते.

परसातल्या लिंबाच्या झाडापासून छपरापर्यंत सोळा फूट तार ताणली आहे. तीच माझी अँटेना. दिनकररावांनी दिलेल्या जुन्या रिसीव्हरवर उपग्रह ऐकू येतो. दिवसातून पाच-सहा वेळा डोक्यावरून जातो, दर खेपेला फार तर सोळा-सतरा मिनिटं. दिनकरराव वेळांचा तक्ता करून देतात. आज मी तबकडी फिरवत होतो, नुसती खरखर. पंचफुला चुलीपुढूनच म्हणाली, “आला बघा तुमचा रशियावाला. थोडा खाली घ्या.” खाली घेतलं, तर होता. तिला कशावरून कळलं कोण जाणे. रुळाजवळ राहणाऱ्या माणसाला गाडी आधी कळते, तसं काही असेल.

१४ एप्रिल, रविवार

शंभरावी जयंती. गावातून मिरवणूक गेली. मी घरात बसून कानाला हेडफोन लावला होता. उपग्रहाच्या तीन फेऱ्या ऐकल्या. बाहेर ढोल होते, आत टिकटिक.

दुपारी सरजाबाई आली. अठ्ठ्याहत्तरला ठराव झाला त्या आठवड्यात तिच्या गावातली आमची सगळी घरं जाळली. तेव्हापासून ती पिंगळीला लेकीकडे राहते. सत्तरीच्या पुढं आहे. माझ्यासाठी ज्येष्ठमधाचं मूळ घेऊन आली होती.

“हे चघळ बाबा. घसा मोकळा व्हतो. ह्या सालाला तुझं भाषण न्हाई तर लय सुनं वाटलं.”

तिच्यासमोर तोंडात धरलं. गोड असतं म्हणतात. मला काही चव लागली नाही. संध्याकाळी पंचफुला म्हणाली, सरजामायला तरी खरं सांगायचं होतं. मी म्हटलं, राजकारणात काही गोष्टी सांगायच्या नसतात. ती रिसीव्हरजवळ बसून एक्स्चेंजच्या जुन्या पॅडवर काहीबाही खरडत राहिली.

२८ एप्रिल, रविवार

आज मन खट्टू झालं. लिहून टाकतो.

पंचफुलाला बाजार करायचा होता म्हणून दोघं परभणीला गेलो. दिनकररावांकडे थांबलो. त्यांनी मोर्सची किल्ली एका बझरला जोडून दिली आणि कॅसेट लावली. म्हणाले, रोबोला हाक मारतोय असं समजून वाजवा, मग आपण ऐकू.

मी वाजवलं. कॅसेट उलटी फिरवून ऐकलं. दिनकरराव चष्मा पुसत म्हणाले, “सर, नाव घ्यायच्या आधी थांबलात का?”

“थांबल्याशिवाय नावाला वजन येत नाही.”

“बरोबर आहे. सभेत बरोबर आहे. रोबोला वजन कळत नाही. तुम्ही थांबलात की त्याला वाटतं तुमचं संपलं. आणि शेवटचं अक्षर असं लांबवलंत, ते कशासाठी?”

मी काय सांगणार? शेवटचा शब्द लांबवला की मागच्या रांगेपर्यंत जातो. पंचवीस वर्षांची सवय आहे. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. सहा वेळा वाजवलं आणि सहाही वेळा नावाआधी थांबलो. थांबायचं नाही हे ठाऊक असून थांबलो. दिनकरराव म्हणाले, “तुम्ही किल्लीवरसुद्धा भाषण करता.” हसून म्हणाले, पण लागलं.

पंचफुला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. उगाच ताटकळलेल्या बाईला बरं वाटावं म्हणून असेल, दिनकररावांनी किल्ली तिच्यापुढे सरकवली. तिनं पदर आवरला आणि तीच हाक एकसारखी वाजवली. दिनकररावांनी कॅसेट दोनदा ऐकली.

“बाई, हे कुठं शिकलात?”

“घरी दोन वर्षं हेच वाजायलंय. न शिकून सांगते कुणाला?”

“तुमचा हात फार स्वच्छ आहे.”

दिनकरराव सभ्य माणूस आहेत. पाहुण्या बाईला असंच म्हणणार.

मग उपग्रहाची वेळ झाली. मी म्हटलं, एकदा तुमच्या यंत्रावरून, तुमच्या कॉलसाइननं, मला पाठवू द्या. परीक्षा पास आहे, तुम्ही शेजारी आहात. ते नाही म्हणाले. परवाना नसलेल्या माणसाच्या हातात ते किल्ली देत नाहीत. त्यांच्या सख्ख्या भावालाही दिली नव्हती.

माझ्या तोंडून निघून गेलं, “माझा हात लागून विटाळेल का?”

दिनकरराव म्हणाले, “परवाना विटाळेल, सर. किल्ली नाही.” आणि त्यांनी चहा टाकायला सांगितला. आम्ही तिघंही एकाच ट्रेमधल्या कपांतून चहा प्यालो. मला त्यांच्याकडे बघवेना.

गाडीत पंचफुला म्हणाली, “उद्या पत्र टाका त्यांना.”

“काय लिहू?”

“चुकलं म्हणून. तीन शब्दांत बसतं.”

घरी येऊन रात्रीच मी चार पानांचं पत्र लिहिलं. त्यात अस्पृश्यतेचा इतिहास आला, विज्ञानाचं नीतिशास्त्र आलं. ‘चुकलं’ हा शब्द कुठं आला की नाही, आठवत नाही.

१९ जून

दिनकररावांचं कार्ड आलं. पुढच्या महिन्याच्या वेळांचा तक्ता, आणि खाली एक ओळ: ‘पत्र पावलं. बाईंना नमस्कार.’

२७ जुलै, शनिवार

ठरावाला आज तेरा वर्षं झाली. पिंगळीच्या विहारात सभा होती. मी ऐकायला म्हणून गेलो. चाळीस-बेचाळीस माणसं. बाहेर भुरभुर. मुंजाजी शेवटच्या रांगेत, वही मांडीवर, पेन खिशात.

ज्या वक्त्याची वाट बघत होते तो आलाच नाही. एक तरुण उठला. चांगला पोरगा आहे, पण म्हणाला, नावाचा आग्रह सोडून आता नोकऱ्यांचं बोलू, लोक थकलेत. खोटं नव्हतं. मी स्वतः थकलोय. टाळ्या पडल्या नाहीत, कुणी विरोधही केला नाही. तेवढ्यात पुढून सरजाबाई मागे वळली आणि माझ्याकडे बघत म्हणाली,

“मास्तर, घसा अजून बसलेलाच हाय का?”

मी मान हलवली.

“मंग संपलं म्हनायचं का? तसं तरी सांग. म्हंजे आमी वाट बघायची सोडून देतो.”

मुंजाजीनं मला लांबूनच हात हलवून खुणावलं, बसून राहा. मी पाहिलं. उठलो.

दीड तास बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, मुंजाजीच्या वहीत आहे. नवीन काही नव्हतं. आपण नाव मागतोय म्हणजे इमारतीवरची अक्षरं मागत नाही, ज्या घरांची राख झाली त्यांची पोच मागतोय, एवढंच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत राहिलो. मधे एकदा आवाज फुटला. पूर्वी तसं व्हायचं नाही. सरजाबाई रडली नाही, फक्त शेवटी मान हलवून म्हणाली, “हां. आता झोप लागन.”

सभा संपल्यावर मुंजाजी चप्पल शोधत होता.

“सर, लय दिसांनी हात दुखला.”

“लिहिलंस सगळं?”

“न लिवून कसं? साहेबाला ठाऊक हाय आज सभा व्हती.” मग चप्पल पायात सरकवत म्हणाला, “चांगलं बोललात. जुनंच व्हतं, पण चांगलं बोललात.”

घरी आल्यावर पंचफुलाला म्हटलं, परवाना गेला. ती म्हणाली, “जेवून घ्या.”

१० सप्टेंबर

दीड महिना काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. शाळा, गाडीची शिट्टी, टिकटिक. मुंजाजीनं कागद पुढे पाठवला, असं त्यानंच येऊन सांगितलं.

परभणीहून आता लोक सरळ नंबर फिरवून बोलतात. ट्रंक बुकिंग निम्म्यावर आलंय. पंचफुलाला तक्रारींच्या टेबलावर बसवणार आहेत. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, “पंधरा वर्षांत हजारो लोकांचा आवाज ओळखीचा झाला. माझं नाव त्यातल्या एकालाही ठाऊक न्हाई. ऑपरेटर म्हणतेत.” मी तिला श्रमिकांच्या अनामिकतेबद्दल थोडं समजावून सांगितलं. तिला झोप येत होती.

९ डिसेंबर, सोमवार

दिल्लीचं पत्र आलं. इंग्रजीत, पाच ओळी. पडताळणीचा अहवाल अनुकूल नसल्यानं परवाना देता येत नाही.

एका अर्थी ही पोच आहे. पाच ओळींत माझं नाव आहे, क्रमांक आहे, तारीख आहे. हसू आलं आणि ते मधेच बंद झालं.

रिसीव्हर बंद करून वर कापड टाकलं.

१३ डिसेंबर

परवा मुंजाजी पिंगळीच्या फलाटावर भेटला. पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्यानं चहा घेतला, माझ्याकडे बघायचं टाळत होता.

“सर, रागावलात?”

“तू खरं लिहिलंस. राग कसला?”

“माझ्यासमोर दुसरा रकाना असता तर त्यात लिवलं असतं, माणूस चांगला हाय म्हणून. तसला रकाना न्हाई.” चहाचा घोट घेऊन म्हणाला, “तुमच्या घरात एकाचा कागद म्या स्वच्छ पाठवलाय, ठाऊक हाय का? बाईंचा. शहात्तर साली त्या टेलिफोनात लागल्या तवा. चौकशीच्या कामावर नवीनच व्हतो. घरी येऊन चौकशी केली, तवा त्यांनी मलाच चार प्रश्न इचारले.”

“आता मागितला तर? माझी बायको आहे म्हणून—”

“आता मागितला तर आता लिवीन. वहीत नाव तुमचं हाय. नवऱ्याचं बोलणं बायकूच्या नावावर लिवायचा रकानाबी न्हाई सर.” गाडी आली. “एक हाय. म्या निवृत्त व्हायच्या आत मागा. मागून कोण बसतंय त्या खुर्चीवर, मला ठाऊक न्हाई.”

गाडी गेल्यावरही मी फलाटावरच बसून राहिलो. त्यानं काय सांगितलं ते माझ्या डोक्यात उतरायला दोन दिवस लागले, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवतो.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी रिसीव्हरवरचं कापड काढलं, खाली एक्स्चेंजचे पॅड होते. चार. पंचफुलाच्या अक्षरात तारीख, वेळ, आणि रोबोनं ज्यांना ज्यांना उत्तर दिलं त्यांची कॉलसाइनं, पुढे त्यांचे क्रमांक. फेब्रुवारीपासून कालपर्यंत. मी कापड टाकल्यानंतरचेही. मी शाळेत असताना, ती सुट्टीवर असताना. एकेका फेरीत सहा-सात नावं. जपानची, रशियाची, हैदराबादची. मला त्यातली निम्मी कधी पकडता आली नव्हती. मी एक अक्षर चुकलं की त्याचा विचार करत बसायचो आणि पुढची दहा जायची.

ती भाकरी थापत होती. मी पॅड हातात घेऊन उभा राहिलो.

“हे कधीपासून?”

“तुमी ऐकत होता तेव्हापासून.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“लाइन बिझी होती.”

मी खाली बसलो. म्हटलं, पंचफुला, अर्ज तू कर. परीक्षा तू दे. तुझा कागद स्वच्छ आहे, हात स्वच्छ आहे, दिनकरराव उगाच म्हणाले नव्हते. मी तुला सर्किटं शिकवतो. आमच्या समाजाची पहिली बाई, जिचं नाव—

“थांबा,” ती म्हणाली. भाकरी उलटली. “समाजाचं नंतर. मला त्याला काय सांगायचं असतं?”

“फक्त नाव.”

“आणि तो?”

“तो तुझं नाव परत घेतो. आणि क्रमांक देतो.”

तिनं तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली. फुगल्यावर काढून ठेवली.

“किल्ली माझ्या हातात राहील,” म्हणाली. “तुमी शेजारी बसून वेळ लिहायची. मधे बोलायचं न्हाई. सर्किटं शिकवा, भाषण करू नका. आणि सभा सोडायची न्हाई. मला परवाना मिळावा म्हणून तुमी गप बसलात तर मला तो नको. सरजामायला परत ज्येष्ठमध आणायला लावायचं न्हाई.”

“कबूल.”

“इतक्या लवकर कबूल करू नका. मी विचार करते.”

२७ डिसेंबर, शुक्रवार

दिनकररावांकडे गेलो. त्यांना एप्रिलमधलं चुकलं म्हणून सांगितलं. तीन शब्दांतच. ते म्हणाले, पत्रापेक्षा हे बरं झालं.

रेडिओवर बातमी आहे की सोव्हिएत संघ उरला नाही. मी आणि दिनकररावांनी दुपारची फेरी ऐकली. ज्या देशानं तो उपग्रह सोडला त्या देशाचा झेंडा उतरला, आणि वरून तो तसाच नाव सांगत जातोय, हाक मारेल त्याला उत्तर देतोय. तरुणपणी मी त्या देशावर तासन् तास बोललोय. आज त्यावर एक वाक्य सुचलं नाही. दिनकरराव म्हणाले, “बॅटरी चांगली असेल तर अजून चार-पाच वर्षं चालेल.” एवढाच वेळ आहे.

त्यांनी परीक्षेचा कोरा अर्ज दिला. पंधरा जानेवारीच्या आत हैदराबादला पोचला पाहिजे. मी पेन काढलं, ते म्हणाले, “तुम्ही भरू नका. त्यांच्या अक्षरात असू द्या.”

२९ डिसेंबर, रविवार

दोन दिवस अर्ज फळीवर पडून आहे. पंचफुलानं तो सगळा भरला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी. काल रात्री जन्मगावाच्या रकान्यात आपलं माहेर, पेडगाव, लिहिलं. सहीची जागा कोरी आहे. विचारलं तर म्हणते, बघू. चाळिशी उलटलेली बाई परीक्षेला बसली तर ऑफिसात हसतील. नापास झाले तर. मुंजाजीची खुर्ची बदलली तर. नाव घेऊन कोण कुठं पोचलंय.

ही सगळी वाक्यं मी ओळखतो. तेरा वर्षं ती सतरंजीवरून ऐकली आहेत आणि प्रत्येकाला उत्तर दिलं आहे, दीड-दीड तास. तुला देत नाही. माझ्याकडे ते उत्तर आहे की नाही, याची मला अलीकडे खात्री वाटत नाही. मी दमलोय, पंचफुला. दमलेल्या माणसाचं ऐकून कुणी काही करू नये. तू तुझ्या चार पॅडांचं ऐक. दहा महिने तू हजारभर नावं लिहिलीस. प्रत्येकाला पोच मिळाली, आणि ती मिळाल्याचं तू तुझ्या हातानं लिहून ठेवलंस. त्यात तुझं नाव नाही.

मी माझी वही लपवत नाही आणि तू ती वाचतेस, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. अर्ज याच पानात ठेवतोय. दुसऱ्या पानावर खाली, उजवीकडे. उद्या सकाळच्या गाडीला निघायच्या आधी त्यावर सही कर.